हवालदाराचं दुखणं

कावीळ होऊन पुढे ज्यांच्या पोटात पाणी झालं आहे आणि जे आता दवाखान्याच्या खाटेवर पडून छताच्या तुळया मोजत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना असलं काही झालेलं नाही त्यांनी वाचायला हरकत नाही, फक्त वाचून झाल्यावर मला झाडपाला सुचवायला येऊ नये. तो सगळा घेऊन झाला आहे.

आमच्या सोबती मंडळाचे चिटणीस मास्तर म्हणाले, "रामभाऊ, वाचून धीर येईल असं लिहा." मी म्हटलं, मी झालं तसं लिहितो, धीराचं वाचणाऱ्यानं बघावं. मास्तर गप्प बसले. त्यांना गप्प बसण्याचं कारण होतं, ते पुढे येईलच.

हळदीतला पिवळा

मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत तोलार आहे, म्हणजे काट्यावर हळद तोलून देतो. हंगामात आमच्या पेठेत पांढरा माणूस दिसला की तो परगावचा समजावा. आमचे हात, कान, पापण्या, धोतर, सगळं पिवळं. गंगू, म्हणजे माझी बायको, पाण्याची बादली दाराबाहेरच ठेवायची आणि "आधी माणसात या" म्हणायची.

त्यामुळे त्या वर्षी मी नेहमीपेक्षा जास्त पिवळा झालो ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. लघवी पिवळी झाली, तर नाकातोंडातून हळद पोटात जाते म्हटलं. जेवण जाईना, तर उन्हाळा आहे म्हटलं. काट्याशी उभं राहवेना, तर वय झालं म्हटलं. वय होतं छत्तीस.

आषाढ लागला. हंगाम संपला, हळद जमिनीखालच्या पेवांत गेली, पेवांची तोंडं लिंपली. आठ-पंधरा दिवसांत सगळे हमाल, तोलार, मुनीम धुऊन निघाल्यासारखे उजळले आणि मी आपला पिवळाच. न्हाव्यापुढे बसलो तर तो म्हणाला, "तोलार, आंगुळ करता का न्हाई?" सगळे हसले, मीही हसलो. मग त्यानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि वस्तरा खाली ठेवला. "हळद डोळ्यांच्या आत कशी गेली वो?" त्यानं विचारलं.

लढाईचे दिवस, घरोघरी रेशनची चिंता, त्यात माझी भर पडली. कोणी गळ्यात काविळीची माळ घातली. कोणी चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले आणि पाणी पिवळं झालेलं दाखवून कावीळ उतरली असं जाहीर केलं. हळदीच्या पेठेतल्या माणसाचे हात कशात धुतले तर पाणी पिवळं होणार नाही, हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. गंगूनं घरात हळद बंद केली. पांढरी आमटी खात भाद्रपद आला तोवर पाय सुजले आणि पोट पुढे आलं.

माझा थोरला भाऊ, दादा, गावी ऊस आणि हळद करतो. गंगूचा निरोप मिळाल्या दिवशी तो बैलगाडी घेऊन आला आणि मला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी पोट दाबलं, बोटांनी वाजवून पाहिलं आणि माझ्याकडे पाठ करून सगळं दादाला सांगितलं. यकृत सुजून घट्ट झालंय, पोटात पाणी साठलंय, सुई घालून काढावं लागेल, एकदा नव्हे, अनेकदा. पोट माझं आणि बोलणं दादाशी! दादानं मात्र एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, खेड्यातला माणूस, घाबरला असेल.

सोबती

आमच्याकडे पोटात पाणी झालं म्हणजे संपलं असं समजतात. गावात असे दोघे मी पाहिले होते आणि दोघांच्याही तेराव्याला जेवलो होतो. सुई घालून पाणी काढलं की जीवही त्याच वाटेनं जातो, असं लोक म्हणत. म्हणून मी ठरवलं की टोचून घ्यायचं नाही. नदीपलीकडे एकजण तापलेल्या सळईनं पोटावर डाग द्यायचा, त्याच्याकडे जायचं. गंगूला बोचकं बांधायलाही सांगितलं.

दवाखान्याच्या आवारात सोबती मंडळाची एक खोली होती. मास्तरांची बायको ह्याच दुखण्यानं गेली, तेव्हापासून त्यांनी ती चालवली. पेशंटच्या माणसांना स्वयंपाकाला चूल, रोजचं ताक, गावाकडे पत्र लिहून देणं, पांघरायला घोंगडी, अशी कामं मंडळ करी. आणि मुख्य म्हणजे सोबती. ज्याला हेच दुखणं होऊन बरं वाटलं आहे असा माणूस येऊन नव्या पेशंटजवळ बसायचा. डॉक्टर काय, बाहेरून सांगतो. हा आतून सांगायचा.

माझ्याकडे हवालदार आले. साताऱ्याकडचे, पलटणीतून पेन्शनीवर आलेले, सांगलीत एका वखारीवर पहारेकरी. आवाज असा की खालच्या आवाजात बोलले तरी पलीकडच्या खाटेवरचा जागा व्हावा. त्यांनी बोचक्याकडे बघितलं आणि विचारलं, "कुटं निगाली स्वारी?"

"डाग घ्यायला."

त्यांनी सदरा वर केला. पोटावर चार जुने डाग होते. "ह्ये बग. दिलं डाग. काय उपेग झाला न्हाई. मग सुईनंच पानी काडलं. आज माजं प्वाट बग आनि तुजं बग."

मग ते बोलत बसले. सुई घालताना खिडकीबाहेर बघायचं, झाडावर किती कावळे आहेत ते मोजायचं. पाणी निघायला लागलं की बरं वाटत नाही, लाज वाटते. आणि झाल्यावर पोट इतकं हलकं होतं की "आपुन कायतरी चोरून आनल्यागत वाटतंय." बिनमिठाचं जेवण तिसऱ्या दिवशी बघवत नाही, ते ताकात कालवून डोळे मिटून गिळायचं. सगळ्यात वाईट दुपार तिसऱ्या आठवड्यातली, तेव्हा कुणाशी भांडू नये.

हे सगळं ज्यानं भोगलं नाही त्याला कसं ठाऊक असणार? मी गंगूला बोचकं सोडायला सांगितलं.

खाटेवर

दवाखान्यात माणसाचा दिवस दुसरीच माणसं चालवतात. पहाटे तापाची नळी, मग पोटाला फीत लावून घेर बघायचा, मग डॉक्टरांची फेरी, मग ताक. मला चार वेळा टोचलं. पहिल्यांदा कावळे मोजले, नऊ होते. पाणी निघायला लागल्यावर खरंच लाज वाटली. हवालदार सांगत होते तस्संच. मी मनात त्यांच्या पाया पडलो.

तिसऱ्या आठवड्यात मी गंगूशी भांडलोच. तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला होता. बहिणीनं मरत्या माणसाशेजारी बसून हाल का काढावेत, असं त्याचं म्हणणं, आणि ते त्यानं माझ्या उशाशी उभं राहून सांगितलं. गंगू म्हणाली, "मी जात न्हाई." मी तिला म्हणालो, जा, माझ्यावर उपकार नकोत. ती चुलीकडे गेली आणि त्या दिवशीचा भात जाणूनबुजून गुरगुट्या केला. बायकांना राग काढायला असल्या जागा पुरतात. संध्याकाळी तोच भात आम्ही दोघांनी खाल्ला.

दादा दर बाजाराला यायचा. पायाशी बसायचा, माझी सुजलेली पावलं मांडीवर घेऊन चोळायचा. हवालदार आले की उठून बाहेर जायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, बस की. ऐक, ह्येंनी किती सोसलंय." तो म्हणाला, "तू ऐक," आणि गेला.

माघात मी चालत घरी आलो. पुढच्या हंगामाच्या अखेरीस, अर्धा दिवस का होईना, पुन्हा काट्याशी उभा राहिलो.

हवालदारांच्या गावी

बरं वाटल्यावर पहिलं काम म्हणजे हवालदारांच्या घरी जाऊन पाया पडायचं, असं मी बोललो होतो. ते सुट्टीवर गावी गेले होते. पेठेतली निवडक हळद आणि गंगूनं केलेले लाडू घेऊन मी आगगाडीनं रहिमतपूरला उतरलो आणि तिथून चालत त्यांचं गाव गाठलं. हवालदार मळ्यात होते. त्यांच्या बायकोनं गूळपाणी दिलं आणि ओसरीवर बसवलं.

मी म्हटलं, "वहिनी, हवालदारांनी स्वतःचं दुखणं उघडं करून सांगितलं म्हणून मी जगलो."

"कंचं दुखनं?"

"कावीळ. पोटात पाणी झालेलं."

ती हसली. "ह्यास्नी? आवं, तीस वरसं झाली लग्नाला, ह्या मानसाला सर्दी झाल्याली म्या बघितली न्हाई."

"पोटावर डाग आहेत ते?"

"त्ये व्हय? सासूबाईंनी दिल्यालं. तान्हं असताना प्वाट धरलं हुतं म्हनं."

गुळाचा खडा तोंडातच राहिला. माणसाला वाटतं की अशा वेळी तो ओरडेल. मी तो खडा चावून खाल्ला आणि पाणी प्यालो.

हवालदार आले. माझं तोंड बघून त्यांनी खांद्यावरचं फावडं भिंतीला टेकवलं आणि बायकोला काहीतरी आणायला परड्यात पिटाळलं.

"खोटं बोललात," मी म्हटलं.

"सबूद एक खोटा न्हाई बोललो," ते म्हणाले. "फकस्त दुखनं माजं नव्हतं."

"मग कुणाचं?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पलटनीत सायबानं सांगितलं की मानूस बोलतो. हितं मास्तरांनी सांगितलं. बरा झाल्याला मानूसच मंडळाला गावंना. जो बरा हुतो त्यो घरी जाऊन म्हनतो, मला काय झालंच नव्हतं. तुज्या टायमाला एकजन आला. म्हनला, मी साताऱ्याच्या दवाखान्यात पाच म्हैनं काडल्यात, समदं सांगतो, पर माज्या तोंडानं न्हाई. दुसरं तोंड हुडका. दोन दुपारी माज्यासमोर बसून सांगितलं त्यानं. कावळं, ताक, समदं. रडत हुता गड्या."

"कोण?"

"तुजा दादा."

नऊ वर्षांपूर्वी दादा सोलापूरच्या गिरणीत कामाला म्हणून पाच महिने बाहेर होता. परत आला तेव्हा वाळून गेला होता. गिरणीनं माणूस खाल्ला, असं आई म्हणायची. मी तेव्हा त्याची चेष्टा केली होती, बायकोशिवाय करमलं नाही म्हणून.

हळद आणि लाडू मी ओसरीवर ठेवले आणि पाया न पडता निघालो.

बांधावर

मी घरी न जाता थेट गावी गेलो. दादा उसाला पाणी पाजत होता. मला बघून त्यानं ओळखलं. त्यानं पाणी दुसऱ्या सरीला वळवलं, मग बांधावर आला.

"वाचलास की," तो म्हणाला. एवढंच.

"मला तुझ्या तोंडानं ऐकायचं हुतं."

"तीन पोरी हायत्या मला, रामा. दोगा भावांस्नी झालं म्हनल्यावर पोटाचं दुखनं घराण्यातच हाय म्हनत्यात, मग कोन उंबरा चढंल? थोरलीचं तवा जमत आलं हुतं."

"चौघांत सांग म्हनत न्हाई मी. आपण दोघंच असायचो. पाय मांडीवर घिऊन बसायचास. तवा तरी सांगायचंस."

त्यानं पायाचा चिखल खुरप्यानं काढला. "तुला सांगितलं आसतं तर तू गंगूला सांगितलं आसतंस. गंगूनं तिच्या भावाला. आनि त्यो तर डांगोराच पिटतोय."

ते खरं होतं. मी गंगूला सांगितलं असतं, आणि गंगूनं भावाचं तोंड बंद करायला का होईना, त्याला सांगितलं असतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी मरत होतो तेव्हाही माझ्या भावानं मला तोलून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. एका पहारेकऱ्याला त्यानं सगळं दुखणं काढून दिलं, आणि मला एक शब्द नाही! ज्या पहाटे मला वाटत होतं की ह्या वाटेवरून परत आलेला आमच्या घरात कुणी नाही, त्याच सकाळी परत आलेला माणूस माझी पावलं चोळत होता.

लोक म्हणतात, जीव वाचला ना, मग कशाला उगाळतोस? जीव वाचला, कबूल. हवालदार नसते तर मी डाग घेऊन मेलो असतो, हेही कबूल. पण फसवून वाचवलेल्या माणसाला फसवलेलंच असतं. जे वाचवतात त्यांना हे कळत नाही.

दुसरा कोण

मास्तरांना मी सांगितलं की हवालदारांनी आता पेशंटजवळ बसायचं नाही. मी बसेन. माझं नाव, गाव, पेठ सांगून बसेन. मास्तर म्हणाले, "तुम्हालाही उद्या उजवायची मुलगी आहे." गंगूला विचारलं. ती म्हणाली, "जो ह्ये ऐकून परत जाईल त्यो जाऊ दे. तसला जावई नगं." गंगूबद्दल मी भांडणाचंच लिहिलं, म्हणून हे लिहून ठेवतो.

पहिला पेशंट सदाशिव, तासगावाकडचा, पंचविशीचा. पोट माझ्यापेक्षा मोठं. मी त्याला सगळं सांगितलं, कपडा बाजूला करून सुईच्या खुणा दाखवल्या. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"आनि कोन वाचलंय?" त्यानं विचारलं.

"मी वाचलोय की."

"तुमी एकलं. एकादा वाचतोय देवाच्या किरपेनं. दुसरा कोन आसंल तर दावा. दोगं म्हनलं की मी सुई घिईन. न्हाईतर आमच्या गावात डाग देनारा हाय."

मी त्याच दिवशी दादाकडे गेलो. त्याच्या धाकटीचं लग्न ठरलं होतं, महिना राहिला होता. दारात मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या. तो म्हणाला, "लगीन हुं दे. मग म्हनशील तितं येतो. आयेशप्पत येतो."

परतल्यावर हवालदार मंडळाच्या खोलीत भेटले. त्यांना मास्तरांकडून कळलं होतं. "मी जाऊ का?" त्यांनी विचारलं. "माजं ऐकंल त्यो. आता मला समदं पाठ हाय."

मी नाही म्हटलं. पुन्हा कुणाला फसवायचं नाही, म्हणून नाही म्हटलं. दादाचं नाव माझ्या ओठांवर होतं, तेही घेतलं नाही. भाऊ म्हणून नाही घेतलं, का त्याच्यासारखाच मीही लोकांना भ्यालो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सदाशिवाजवळ मी रोज बसलो. चौथ्या दिवशी त्याचा चुलता गाडी घेऊन आला. जाताना सदाशिव मला म्हणाला, "राग मानू नगा." थंडी होती म्हणून मंडळाची घोंगडी मी त्याच्या अंगावर घातली.

लग्न झालं. मी गेलो, अक्षता टाकल्या, पंगतीत वाढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा दवाखान्याच्या पायरीशी उभा. लग्नातलाच फेटा, हाताला हळद अजून लागलेली.

"चल," तो म्हणाला. "समदं सांगतो. कंच्या खाटंवर हाय त्यो?"

आदल्याच दिवशी सदाशिवाचा चुलता येऊन घोंगडी परत देऊन गेला होता. धुऊन, घडी घालून आणली होती. मी दादाला तेवढंच सांगितलं.

तो पायरीवर बसला. मी बसलो नाही. मग तो म्हणाला, "आनि कोन आसंल की आत."

होता. पाचव्या खाटेवर एक कुंभार होता, रात्रीच आलेला. दादानं माझ्याकडे बघितलं, मी नुसतं दाराकडे बोट केलं. तो उठला, वहाणा काढल्या आणि एकटा आत गेला. आता तो दर बाजाराला येतो आणि स्वतःच्या तोंडानं सांगतो, आणि लोक त्याचं ऐकतात. तो आत बसलेला असतो तेव्हा मी बाहेर थांबतो. त्याच्या शेजारी जाऊन बसावं एवढं माझं मन अजून झालेलं नाही.